पोवळ्यांचे दुखणे आणि तांब्याची घागर

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आम्ही उभयतांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. श्रोत्यांनी नंतर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही त्यातच घातली आहेत.)



या व्यासपीठावर आजवर शिवचरित्र झाले, संतसाहित्य झाले, मधुमेह झाला, निवृत्तीनंतरची गुंतवणूकही झाली. यंदा चिटणीस आमच्या घरी वर्गणीला आले आणि पावती फाडता फाडता कोपऱ्यातल्या निळ्या उजेडाच्या टाकीपुढे अर्धा तास उभे राहिले. जाताना म्हणाले, "यावरच बोला." आम्ही म्हटले, "आमच्याकडे सांगण्यासारखे यश फारसे नाही, चुका मात्र भरपूर आहेत." ते म्हणाले, "मग तर नक्कीच बोला. यशावर बोलणारे पुष्कळ मिळतात."

आमच्यापैकी एकाचे माहेर बेळगावात शहापूरला, दुसऱ्याचे मूळ घर निपाणीला. एका घरात हातमागाची खटखट, दुसऱ्या घरात तंबाखूच्या पोत्यांचा वास. समुद्र म्हणजे आंबोलीचा घाट उतरून वर्षातून एकदा केलेली सहल, आणि मुंबईला गेलो की मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय. ते १९५१ साली सुरू झाले, म्हणजे इथे बसलेल्या अनेकांनी ते लहानपणी पाहिले असेल. तिथल्या काचेला नाक लावून उभे राहिल्याचा परिणाम आमच्या घरी असा उशिरा दिसला.

तर विषय आहे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढणारी प्रवाळे, आणि ती आजारी पडली तर काय करावे. प्रवाळ म्हणजे आपले पोवळे. मंगळासाठी अंगठीत घालतो ते, आणि आपल्या भागात मंगळसूत्रात ओवतात तेही. अंगठीतले लाल पोवळे पूर्वापार मुख्यतः भूमध्य समुद्रातून येत आले आहे. पण आपण त्याला नवरत्नांत बसवले म्हणून तो दगड होत नाही. तो एका प्राण्याने बांधलेला सांगाडा आहे. समुद्रात बेटे उभी करणारी प्रवाळे हे त्याच घराण्यातले दुसरे भाऊबंद.

प्रवाळ दिसायला झाड, स्वभावाने दगड आणि जातीने प्राणी. जेलीफिश त्याची चुलत बहीण. एक प्रवाळ म्हणजे बहुधा शेकडो-हजारो इवल्या प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येकाला एक तोंड आणि भोवती बारीक शुंडा. गंमत अशी, की यातल्या बहुतेकांच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा आणि खत देतो. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंग बराचसा या भाडेकरूचा असतो. ही जोडी आज लक्षात ठेवा, कारण प्रवाळाचे निम्मे आजार म्हणजे या दोघांतले भांडण.

पुढे जाण्याआधी कायद्याचे सांगतो, कारण तरुण मंडळी हे ऐकून उद्याच उत्साहाने कामाला लागतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ सालापासून बेटे बांधणारी सगळी कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. मालवणच्या किंवा कारवारच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला, पांढरा पडलेला, शोकेससाठी उचलून आणणे हासुद्धा गुन्हा आहे. आमच्या टाकीत कठीण प्रवाळ एकही नाही. आहेत ती मऊ प्रवाळे आणि त्यांचे जवळचे नातलग, परदेशातून आयात केलेली, बिल आणि कागदपत्रे पाहून घेतलेली. छत्रीसारखे पसरणारे चामडी प्रवाळ, बशीसारखी 'मशरूम', आणि बटणाएवढ्या फुलांचे ताटवे असावेत तशी झोॲन्थिड. ज्यांना करायचे असेल त्यांनी आधी वनखात्याकडे विचारून घ्यावे, मगच खिशात हात घालावा.

आमची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. वाळू-दगड वगळून साधारण २०० लिटर पाणी. लोक विचारतात, समुद्राचे पाणी कुठून आणता? आणत नाही. किनाऱ्याजवळच्या पाण्यात पावसाळ्यात नद्यांचा गाळ, एरवी होड्यांचे तेल. त्यापेक्षा अगदी शुद्ध केलेल्या पाण्यात तयार समुद्री मीठ कालवायचे. हे स्वयंपाकातले मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे समुद्राच्या प्रमाणात असते. शुद्ध पाणी म्हणजे आरओमधून काढून पुढे आणखी एका गाळणीतून नेलेले, ज्यात विरघळलेले क्षार मीटरवर शून्य दिसतात असे. आपण घरात पितो ते आरओचे पाणी शून्य नसते, ते माणसासाठी केलेले असते.

२०१९ सालचा ऑगस्ट आपल्यापैकी कुणीच विसरणार नाही. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि रस्ता बंद झाला. बेळगावातही घराघरांत पाणी शिरले. आमच्याकडे पाणी आले नाही, पण वीज गेली. टाकीतला पंप थांबला की पाणी हलत नाही, आणि पाणी हलले नाही की त्यातला प्राणवायू संपू लागतो. इन्व्हर्टर सहा तासांत संपला. मग आम्ही दोघांनी आळीपाळीने रात्रभर प्लास्टिकच्या मगाने टाकीतले पाणी वरून टाकीतच ओतले, दर पंधरा मिनिटांनी. आजूबाजूला माणसांची घरे पाण्यात असताना आपण माशांसाठी जागतोय याची लाजही वाटत होती, हे कबूल करतो. पण टाकी वाचली. एकही प्रवाळ गेले नाही.

त्याच टाकीतले निम्मे प्रवाळ पुढच्याच महिन्यात गेले, आणि तेव्हा ना पूर होता ना वीज गेली होती.

त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला होती. आम्ही ३१ ऑगस्टला निपाणीच्या घरी गेलो ते अनंत चतुर्दशी करूनच परत आलो. जाताना शेजारच्या आजींना टाकी सोपवली. माशांना रोज चिमूटभर खाणे आणि काचेवरच्या रेघेपर्यंत पाणी भरणे, एवढेच काम. टाकीतून पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच राहते. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्याने भरायची असते. आम्ही वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून ठेवले आणि बजावले, "आजी, नळाचं पाणी अजिबात घालायचं नाही हं."

१३ तारखेला दार उघडले. मासे मजेत होते. पण चामडी प्रवाळाची छत्री मुठीएवढी आवळली होती. मशरूम विरघळून दगडावर चिकट डाग उरले होते. झोॲन्थिडचे एकही फूल उघडे नव्हते. काचेवरचे शेवाळ खाणारे शंख तळाला उलटे पडले होते.

पुढच्या तीन दिवसांत आम्ही जे केले ते सांगतो, कारण नव्वद टक्के लोक तेच करतात. पहिल्या दिवशी वाटले, उजेड जास्त झाला. दिवे मंद केले. दुसऱ्या दिवशी वाटले, अन्न कमी पडले. बाटलीतले सूक्ष्म पोषक द्रव्य घातले. तिसऱ्या दिवशी पंपाची दिशा बदलली, दगड हलवले आणि उरलेल्या मशरूमची जागा बदलली. चौथ्या दिवशी तीही गेली. आता नेमके कशाने गेली हे सांगण्याची सोय आम्हीच ठेवली नव्हती. घरात तापाचा माणूस असावा आणि तीन डॉक्टरांची तीन औषधे एकदमच द्यावी, तसा तो प्रकार.

पाचव्या दिवशी आम्ही हात बांधून घेतले आणि वही काढली. खारटपणा मोजला, बरोबर. तापमान बरोबर. अमोनिया थोडा दिसला, पण तो मेलेल्या शंखांचा असणार होता. ते आम्ही काढून टाकले होते. मग वहीत फक्त दिसते ते लिहिले: मासे ठीक. प्रवाळे आजारी. शंख मेले. आणि तिथेच लक्षात यायला हवे होते ते तेव्हा लक्षात आले. पाण्यातला प्राणवायू संपला असता, तर आधी मासे गेले असते. मासे तगतात आणि पाठीचा कणा नसलेले जीव मरतात, तेव्हा पहिला संशय धातूवर घ्यायचा, आणि त्यातही तांब्यावर. माशांच्या काही औषधांत मुद्दाम तांबे घालतात, कारण मासे ते सोसतात आणि त्यांच्या अंगावरचे परजीवी सोसत नाहीत. शंख, कोळंबी आणि प्रवाळ त्या परजीवींच्याच बाजूचे.

पण आमच्या टाकीत तांबे येणार कुठून?

आम्ही आजींकडे गेलो. आजींनी कालनिर्णय काढले. औषधाच्या गोळ्यांसाठी त्या रोज खूण करतात, तशा टाकीच्या पाण्यासाठीही केल्या होत्या. पहिल्या काही खुणांपुढे 'कॅन' लिहिले होते. पुढच्या आठ खुणांपुढे 'घागर'. एका कॅनची तोटी गळत होती, ती आमच्या लक्षात आली नव्हती. पाणी संपले. आजी म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होता की, नळाचं पाणी चालत नाही म्हणून. मग मी नळाचं कशाला घालीन? आमच्या घागरीतलं घातलं. रात्रभर तांब्यात राहिलेलं, गाळलेलं, शुद्ध. रोज तीन तांबे. आणि सणाचे दिवस म्हणून घागर रोज चिंच-मीठ लावून लख्ख घासत होते."

आठ दिवस, रोज तीन तांबे, म्हणजे सुमारे चोवीस लिटर. रात्रभर तांब्याच्या भांड्यात राहिलेल्या पाण्यात तांबे अगदी किंचित उतरते. माणसाला त्याचा त्रास नाही, म्हणून तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ही पद्धत आहे. पण समुद्राच्या पाण्यात तांबे त्याच्याही कित्येक पटींनी कमी असते आणि प्रवाळाचा जीव त्याच हिशोबाने घडलेला आहे. शिवाय वाफ होऊन पाणी जाते, तांबे जात नाही. रोजचे रोज साठत राहते.

तांबे तपासायचे किट मागवले. रंग किंचितच फिरला, पण फिरला. टाकीत कार्बनची पिशवी आणि तांबे शोषून घेणारी खास गाळणी बसवली. दर तिसऱ्या दिवशी पाचवा हिस्सा पाणी बदलले. बाकी कशालाही हात लावला नाही. चामडी प्रवाळ ऑक्टोबरभर मुठीसारखेच राहिले. ११ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या सकाळी, त्याच्या कडेला चार-पाच शुंडा बाहेर आलेल्या दिसल्या. आम्ही दोघे चहा विसरून बघत बसलो.

आता खरी अवघड गोष्ट. आजी रोज विचारत होत्या, "फुलं उमलली का रे?" आणि आम्ही रोज सांगत होतो, "हवा बदलली की उमलतील." त्यांना वाईट वाटू नये म्हणून. अखेर डिसेंबरात सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधीच सांगायचं होतं. माझ्या नातवाकडेही मासे आहेत, त्याला मी हेच सांगून आले." त्यांनी त्याच संध्याकाळी नातवाला फोन केला. त्याच्याकडे गोड्या पाण्याचे मासे होते. तरी टाकीत कोळंबी आहे का, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले.

चूक आजींची नव्हती. काय घालू नये ते आम्ही सांगितले होते, का घालू नये ते सांगितले नव्हते. कारण कळले असते तर आजींनी घागरीकडे हात नेलाच नसता. त्या आमच्यापेक्षा काटेकोर आहेत, हे त्यांच्या कालनिर्णयावरून दिसतेच.

त्यानंतर आम्ही एक क्रम ठरवला. प्रवाळ कोमेजलेले दिसले की या क्रमाने जायचे, उडी मारायची नाही.

पहिले, खारटपणा. एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार हवेत. मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर महिन्यातून एकदा ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यायचा. नाहीतर मोजमापच खोटे आणि त्यावरचे सगळे उपायही खोटे.

दुसरे, तापमान. २५ ते २७ अंश, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्थिर. बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात खरे, पण एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते. पाण्यावर साधा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरते. वाफ मात्र जास्त होते, तेवढे गोडे पाणी जास्त घालावे लागते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उलट हीटर लागतो. दोन थर्मामीटर ठेवा, एक खोटे बोलले तर दुसरे चुगली करते.

तिसरे, अमोनिया आणि नायट्राइट. दोन्ही शून्य हवेत. नसतील तर दगडामागे काहीतरी मेले आहे. शोधा, काढा, पाणी बदला.

चौथे, नायट्रेट आणि फॉस्फेट. हे पाण्यातले खत. लिटरला नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या आसपास. खत जास्त झाले तर शैवाल माजते आणि प्रवाळ तपकिरी, मळकट दिसते. पण अतिस्वच्छ, शून्य खताच्या पाण्यातही प्रवाळ फिकट पडून उपाशी राहते. आमच्या एका मित्राने टाकी देवघरासारखी स्वच्छ ठेवली आणि त्याचे झोॲन्थिड महिन्याभरात बारीक होत गेले. माशांना थोडे जास्त खाऊ घातले आणि ते सावरले.

पाचवे, ज्यांच्याकडे रीतसर आणलेली कठीण प्रवाळे असतील त्यांच्यासाठी, क्षारता आणि कॅल्शियम. ही प्रवाळे सांगाडा बांधायला दोन्ही रोज वापरतात. क्षारता ८-९ अंशांच्या आसपास, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५०. कमी पडले तर हळूहळू वाढवायचे. एका दिवसात उडी मारली तर टोकापासून मांस गळू लागते.

सहावे, उजेड. नवा दिवा आणला की पहिल्याच दिवशी पूर्ण लावायचा नाही. दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यायचा. आपण मे महिन्यात एकदम शेतात उतरलो तर कातडी भाजते, तसेच.

सातवे, पाण्याचा प्रवाह आणि शेजारी. प्रवाळ जागचे हलत नाही, म्हणून अन्न आणि स्वच्छता दोन्ही पाण्यानेच आणून द्यावी लागते. आणि प्रवाळांतही भाऊबंदकी असते. काही शुंडांनी शेजाऱ्याला डंख करतात, चामडी प्रवाळ पाण्यात रसायन सोडते. म्हणून अंतर ठेवायचे आणि कार्बन वापरायचा. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च मारून पाहा. दिवसा न दिसणारे किडे-गोगलगायी तेव्हा प्रवाळ खाताना सापडतात.

आठवे, परके काही. तांबे-पितळ, हाताचा साबण, झुरळांचा फवारा, डास मारायची वडी, रंगकाम. आजकाल पाण्याच्या काही शुद्धीकरण यंत्रांत मुद्दाम तांब्याचा भाग बसवलेला असतो. ते यंत्र प्यायला घ्या, टाकीला नको.

यात एक अपवाद सांगितलाच पाहिजे. चामडी प्रवाळ अधूनमधून काही दिवस आपणहून मिटते, अंगावर मेणासारखा थर येतो आणि तो गळून पडतो. साप कात टाकतो तसे. त्या वेळी त्याला फक्त जोराचा प्रवाह हवा असतो, औषध नको. पहिल्या वर्षी आम्ही अशा निरोगी प्रवाळाची तीनदा जागा बदलली होती.

आणि एक धोका. काही झोॲन्थिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. ती चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही. त्या वाफेने घरातली माणसे दवाखान्यात जातात. हातमोजे, चष्मा, आणि मुलांना लांब ठेवणे, याला पर्याय नाही.

या सगळ्याचा सारांश असा, की आधी मोजायचे, मग लिहायचे आणि मग एकच गोष्ट बदलायची. विष किंवा अमोनिया सापडला तर लगेच पाणी बदलायचे. एरवी एक बदल केला की निदान आठवडाभर वाट पाहायची. प्रवाळ सावकाश आजारी पडते आणि त्याहून सावकाश बरे होते.

२०२० च्या जानेवारीत आम्ही मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात खरी प्रवाळे आहेत, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीत नसते. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. बरीचशी प्रवाळे गोलसर, मातकट, दगड वाटावीत अशी. टीव्हीवरच्यासारखी रंगीत नाहीत. पण पावसाळ्यातला गाळ, गोडे पाणी आणि उन्हाळ्यातली ऊब सोसून ती तिथे टिकली आहेत. चष्मा लावून पाण्यावर पालथे पडलो. खाली एका पर्यटकाने थकला म्हणून एका गोल दगडावर पाय टेकले. तो दगड नव्हता. नावाड्याने त्याला मालवणीत चांगले झाडले.

काही प्रवाळांवर पांढरे चट्टे होते. मघाशी भाडेकरू सांगितला तो आठवा. समुद्राचे पाणी तिथल्या नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आणि शैवाल यांचे बिनसते. शैवाल बाहेर पडते आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ तेव्हा मेलेले नसते, उपाशी असते. पाणी लवकर निवले तर सावरते, नाहीतर जाते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणात झाले. मालवणमध्येही २०१४ नंतर ते वारंवार घडल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभर चौथ्यांदा हा प्रकार सुरू असल्याचे जाहीर झाले.

परतताना आंबोलीचा घाट चढताना आम्ही दोघे फारसे बोललो नाही. आमच्या टाकीचे पाणी तापले तर आम्ही पंखा लावतो. मालवणच्या समुद्राला कोण पंखा लावणार? तिथे वीस टक्के पाणी बदलता येत नाही.

म्हणून शेवटची गोष्ट आपल्या उत्सवाबद्दल. आजींनी घागर घासली ती प्रेमाने. आपण बाप्पाला कपिलेश्वर तलावात निरोप देतो तोही प्रेमानेच. पण प्लास्टर ऑफ पॅरिस लवकर विरघळत नाही, आणि काही रासायनिक रंगांत जड धातू असतात. पाण्यात राहणाऱ्या जिवांना आपल्या मनातला भाव दिसत नाही, पाण्यात काय उतरले तेवढेच कळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाचे मार्गदर्शक नियम २०१० मध्ये काढले आणि २०२० मध्ये सुधारले. शाडूची मूर्ती, नैसर्गिक रंग, निर्माल्य वेगळे. आपण ते पाळा म्हणून मुलांना सांगतो. या वर्षी का पाळायचे तेही सांगा. आम्ही आजींना सांगायला तीन महिने लावले, तुम्ही तेवढे थांबू नका.

आमच्या टाकीत आता चामडी प्रवाळाची छत्री पुन्हा वीतभर पसरली आहे. मशरूम परत आणली नाहीत. आम्ही यंदाही निपाणीला गेलो होतो आणि टाकी आजींकडेच होती. कॅन चार ठेवले होते, तोट्या तपासून. परत आलो तेव्हा प्रत्येक कॅनवर आजींच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: "हेच पाणी. घागर नको. तांबे चालत नाही." खाली कारणही लिहिले होते, सून किंवा नातू चुकून मदतीला आले तर त्यांना कळावे म्हणून.

टाकी पाहायला केव्हाही या, मुलांना घेऊन या.

गणपती बाप्पा मोरया!